फ्लॅट टॅपेट इंजिनासाठी ऑइलची निवड आणि कॅमशाफ्टची झीज

संथ_पद्मिनी (धागाकर्ता)
प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचे पूर्ण काम सध्या पुण्यात सुरू आहे. इंजिन उघडले तेव्हा कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याचे) दोन लोब, म्हणजे त्यावरचे उंचवटे, टोकाशी बोथट झालेले आणि त्यांवर चालणाऱ्या, लोबची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या सपाट तळाच्या टॅपेटच्या तळाला खड्डे पडलेले आढळले, म्हणून कॅमशाफ्ट आणि आठही टॅपेट नवे घेतले आहेत. आता ऑइल ठरवायचे आहे आणि तीन ठिकाणी तीन मते ऐकून मी बुचकळ्यात पडलो आहे. नाना पेठेतील एका दुकानदाराच्या मते एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी दर्जाचे ५डब्ल्यू-३० ग्रेडचे, म्हणजे पातळ, सिंथेटिक ऑइल नव्या दर्जाचे, म्हणून सर्वांत चांगले. आमच्या मिस्त्रींना २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइलखेरीज दुसरे काही मान्य नाही. अमेरिकेतील जुन्या गाड्यांचे शौकीन मात्र ठासून सांगतात की आजच्या ऑइलमधून झिंक काढून टाकलेले आहे आणि वेगळी बाटली ओतल्याशिवाय फ्लॅट टॅपेटचा कॅम टिकत नाही. गाडी आठवड्यातून एकदाच बाहेर निघते. जाणकारांनी कृपया कारणांसह लिहावे. केवळ ब्रँडची नावे नकोत.

पान्हा_१२_१३
मिस्त्रींचे ऐकावे. कॅम पुन्हा घासला तर इंजिन उघडायला दुकानदार येणार नाही.

यंत्रविद्या
कारणे मागितली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

क्रँकशाफ्ट आणि त्याच्या बेअरिंगमध्ये ऑइलचा अखंड थर असतो आणि इंजिन फिरत असताना धातू सहसा धातूला लागत नाही. कॅमचे तसे नाही. लोबचे टोक आणि टॅपेटचा तळ यांचा स्पर्श जवळजवळ एका रेषेपुरताच असतो, वरून स्प्रिंगचा जोर असतो आणि मध्ये रोलर नसल्यामुळे लोब तळावर घासत जातो. या ठिकाणी ऑइल कितीही जाड असले तरी त्याचा थर फाटतो आणि धातूला धातू टेकतो. तिथे उपयोगी पडते ते झेडडीडीपी, म्हणजे जस्त आणि फॉस्फरस असलेले रसायन, ज्याला सगळे नुसते झिंक म्हणतात. ऑइलचे ऑक्सिडेशन आणि बेअरिंगचे क्षरण रोखण्यासाठी १९४० च्या दशकात त्याचा वापर सुरू झाला आणि झीज रोखण्याचा त्याचा गुण नंतर ध्यानात आला. उष्णता आणि दाब यांमुळे हे रसायन विघटित होते आणि लोखंडावर फॉस्फेटचा काचेसारखा पातळ थर बसतो. त्याची जाडी साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी असते. लोखंडाऐवजी हा थर झिजतो आणि पुन्हा तयार होत राहतो. म्हणजे खरे काम फॉस्फरसचे आहे, आणि ऑइलच्या मानकांतील मर्यादाही फॉस्फरसवरच आहे.

डेट्रॉइटचा_सातारकर
वरील प्रतिसादाला पुढचा दुवा जोडतो. मी मिशिगनमध्ये राहतो आणि माझ्याकडे फ्लॅट टॅपेटची शेवरोलेट ३५० व्ही-८ आहे, त्यामुळे धागाकर्त्यांनी ज्या मंडळींचा उल्लेख केला त्यांच्यात माझाही वावर असतो.

ऑइलबरोबर जळणारा फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (गाडीचा धूर स्वच्छ करणाऱ्या भागाला) निकामी करत जातो. म्हणून अमेरिकेत पातळ ग्रेडच्या पेट्रोल इंजिन ऑइलमधील फॉस्फरसची कमाल मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ती ०.१२ टक्के होती, पुढे ०.१० झाली आणि २००४ मध्ये आलेल्या एपीआय एसएम दर्जापासून ०.०८ टक्के झाली. जनरल मोटर्सने १९८७ पासून आपल्या प्रवासी गाड्यांच्या स्मॉल ब्लॉक इंजिनांत रोलर लिफ्टर (लिफ्टर म्हणजे टॅपेटच, पण तळाला रोलर असलेला) बसवायला सुरुवात केली होती, त्यामुळे नव्या गाड्यांना फरक पडला नाही. जुनी इंजिने नव्याने बांधणाऱ्यांचे कॅम मात्र पहिल्या तासातच जाऊ लागले आणि सारा दोष ऑइलवर आला.

माझे मत थोडे निराळे आहे. ज्यांचे कॅम गेले त्यांतील बहुतेकांनी उंच लिफ्टचे कॅम आणि जबर स्प्रिंग बसवल्या होत्या, आणि बाजारातील स्वस्त लिफ्टरांचा कडकपणाही भरवशाचा नव्हता. शिवाय एसएम आणि त्यानंतरच्या एसएन दर्जाच्या मान्यतेसाठी जी सिक्वेन्स थ्री-जी चाचणी होती, ती फ्लॅट टॅपेट बसवलेल्या ३.८ लिटर व्ही-६ इंजिनावर, १५० अंश सेल्सिअस तापमानाच्या ऑइलने शंभर तास घेतली जाई आणि तीत कॅम व लिफ्टरची सरासरी झीज ६० मायक्रॉनच्या आत राहणे बंधनकारक होते. त्यामुळे ‘नवे ऑइल म्हणजे कॅमचा मृत्यू’ हे वाक्य मला पटत नाही. पद्मिनीच्या चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाच्या स्प्रिंग तर त्या मानाने फारच सौम्य आहेत.

कुर्ला_पश्चिम
या सगळ्या टक्केवारीबद्दल आदर राखून वेगळा अनुभव मांडते. माझ्या वडिलांची पद्मिनी टॅक्सी होती आणि आमच्या गल्लीत तशा बऱ्याच होत्या. त्यांपैकी कोणीही ऑइलच्या डब्यावरचा दर्जा वाचला नाही. गॅरेजमध्ये जे ड्रममधून मिळे ते चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भागात) जाई आणि गाड्या वर्षानुवर्षे धावत. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव आरटीओत झाली आणि वीस वर्षांची मर्यादा पूर्ण झाल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. त्या गाड्यांचे गिअर, सस्पेन्शन, पत्रा यांबद्दल तक्रारी ऐकल्या, पण कॅमशाफ्टबद्दल क्वचितच. मग छंद म्हणून बाळगलेल्या, कमी चाललेल्या गाडीचाच कॅम का जातो?

यंत्रविद्या
@कुर्ला_पश्चिम, आपला प्रश्न या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर ऑइलच्या डब्यावर सापडत नाही.

टॅक्सी दिवसभर चालते. तिचे ऑइल सतत गरम असते, त्यातील पाण्याचा अंश आणि पेट्रोल उडून जाते आणि कॅमवर ऑइलचा शिडकावा चालूच राहतो. आठवड्यातून एकदा निघणाऱ्या गाडीत ऑइल निथळून गेलेले असते, चोक ओढून ती सुरू केली जाते आणि ऑइल नीट तापण्याआधीच पुन्हा बंद होते. शिवाय २००० नंतरच्या काळात मुंबईतील टॅक्सी मोठ्या प्रमाणावर सीएनजीवर गेल्या. वायूवर चालणाऱ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवरून कच्चे पेट्रोल खाली उतरत नाही, त्यामुळे ऑइल पातळ होत नाही. एकच कॅम आणि एकच टॅपेट, पण त्यांचे जगणे अगदी वेगळे.

खेडचा_जीपवाला
आमच्याकडे महिंद्राची जुनी पेट्रोल जीप आहे, विलीज हरिकेन इंजिनाची. त्यात इनटेक व्हॉल्व्ह पुशरॉडने वरून चालतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच टॅपेटच्या डोक्यावर बसलेला असतो; दोन्हींना एकच कॅमशाफ्ट हलवतो. आम्ही तिच्यात ट्रॅक्टरचेच १५डब्ल्यू-४० घालतो, डिझेल इंजिनांसाठीच्या सीआय-४ प्लस दर्जाचे. ते तालुक्याच्या गावी सहज मिळते, ताजे असते आणि टॅपेटचा आवाज वाढलेला नाही. पेट्रोल गाडीत डिझेलचे ऑइल घालू नये असे सांगणारे पुष्कळ भेटले, पण का घालू नये हे एकानेही सांगितले नाही.

डेट्रॉइटचा_सातारकर
@खेडचा_जीपवाला, आपली निवड अमेरिकेतही बरीच वर्षे रूढ होती. सीआय-४ दर्जाला फॉस्फरसची कमाल मर्यादाच नाही. त्यानंतरच्या सीजे-४ आणि सीके-४ दर्जांना आहे, तरी ती ०.१२ टक्के आहे, म्हणजे ५डब्ल्यू-३० पेट्रोल ऑइलपेक्षा पुष्कळ वर.

एक आक्षेप मात्र नोंदवायला हवा. डिझेल ऑइलमध्ये काजळी आणि आम्ल सांभाळण्यासाठी डिटर्जंट भरपूर असतो आणि लोखंडाच्या पृष्ठभागावर जागा मिळवण्यासाठी तो झेडडीडीपीशी स्पर्धा करतो. त्यामुळे सारखाच फॉस्फरस असलेली दोन ऑइले कॅमचे सारखेच संरक्षण करतील असे मानता येत नाही. तुमच्या जीपसारख्या सौम्य इंजिनाला त्याने बाधा होण्याचे कारण दिसत नाही, पण नवा कॅम बसवताना मी पहिल्या भरणीला डिझेल ऑइल वापरणार नाही.

संथ_पद्मिनी (धागाकर्ता)
सर्वांचे आभार. आता एकच नेमका प्रश्न उरतो. आपल्याकडच्या २०डब्ल्यू-५० च्या डब्यावर एसएन किंवा एसपी लिहिलेले दिसते. मग तेही ०.०८ टक्क्यांच्या मर्यादेत येते का?

यंत्रविद्या
येत नाही, आणि अनेकांचा घोटाळा नेमका इथे होतो. फॉस्फरसची कमाल मर्यादा इंधन वाचवणाऱ्या पातळ ग्रेडसाठी आहे: ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० वगैरे. २०डब्ल्यू-५० त्यांत मोडत नाही. डब्यावरच्या एपीआयच्या गोल चिन्हाच्या खालच्या अर्ध्या भागात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असे छापलेले असेल तर ते ऑइल मर्यादेतील आहे असे समजावे. ते शब्द नसतील आणि ग्रेड जाड असेल, तर उत्पादकाला फॉस्फरस अधिक ठेवण्याची मुभा असते. त्याने प्रत्यक्षात किती ठेवला आहे, हे उत्पादनाच्या माहितीपत्रकात पाहावे. तिथे नसेल तर कंपनीला लेखी विचारावे. फारच शंका असेल तर न वापरलेल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत देऊन मूलद्रव्ये मोजणाऱ्या आयसीपी चाचणीने जस्त, फॉस्फरस आणि कॅल्शियमचे आकडे मिळवता येतात.

दुकानदाराच्या सल्ल्याबद्दलही लिहितो. ५डब्ल्यू-३० ऑइल वाईट नाही, ते दुसऱ्या इंजिनासाठी आहे. मोठ्या फटी ठेवून बांधलेल्या जुन्या इंजिनाच्या बेअरिंगला त्याची जाडी कमी पडते. १५० अंशांवरच्या घर्षणात ३० ग्रेडच्या ऑइलला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद एवढी चिकटता राखावी लागते, तर १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० यांना किमान ३.७. पुण्याच्या हवेत डब्ल्यूच्या आधीचा, म्हणजे थंडीतली जाडी सांगणारा, आकडा ५ असण्याचा फायदाही जवळजवळ शून्य आहे.

अँबी_ते_अँबी
माझ्या ॲम्बॅसडरमध्ये १४८९ सीसीचे बी-सिरीज इंजिन आहे. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नसून ऑइल मागे लोटणारे आटे आहेत, त्यामुळे पार्किंगमध्ये ऑइलच्या थेंबांची नक्षी ठरलेलीच. पातळ सिंथेटिक घालून पाहिले तेव्हा ऑइल बदलण्याची वेळच आली नाही, कारण जुने आपोआप जात होते आणि मी नवे ओतत होतो. या गाडीखाली थेंब दिसला नाही तर आनंद मानू नये, आधी डिपस्टिक पाहावी.

पान्हा_१२_१३
बुलेटवाले मित्र मोटरसायकलचे ऑइल सुचवतात. त्यावर कोणी बोलले नाही.

डेट्रॉइटचा_सातारकर
सूचना अगदीच टाकाऊ नाही. ओल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठी असलेल्या जपानी जासो एमए मानकात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के यांच्या दरम्यान असावा लागतो, म्हणजे किमान पातळीची हमी मिळते. जुन्या ओतीव लोखंडाच्या बुलेटचे टॅपेटही सपाट तळाचेच असल्यामुळे तिथला अनुभव इथे लागू पडतो. पण कारच्या चेंबरला ते खर्चिक पडते आणि २०डब्ल्यू-५० कार ऑइल नीट निवडले तर त्याची गरज राहत नाही.

उद्यमनगरचा_लेथवाला
कोल्हापुरात कॅम ग्राइंडिंगचे काम करतो. ऑइलवर एवढी चर्चा झाली, पण टॅपेट फिरतो की नाही हे अजून कोणीच विचारले नाही.

फ्लॅट टॅपेट नावाला सपाट असतो. बहुतेक इंजिनांत त्याचा तळ किंचित फुगीर असतो. अमेरिकन व्ही-८ मध्ये मध्यभाग कडेपेक्षा सुमारे ०.०५ मिलिमीटर उंच असतो. लोबही एका बाजूला अगदी थोडा उतरता घासलेला असतो, किंवा टॅपेटचे केंद्र लोबच्या मध्यापासून जरा बाजूला ठेवलेले असते. या रचनेमुळे लोब फिरताना टॅपेटलाही स्वतःभोवती फिरवतो आणि झीज पूर्ण तळावर वाटली जाते. टॅपेट आपल्या भोकात अडकला आणि फिरायचा थांबला, तर लोब एकाच रेषेवर घासत राहतो आणि मग जगातील कोणतेही ऑइल त्याला वाचवत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या खराब कॅमपैकी बरेच आधी कुठेतरी पुन्हा घासून घेतलेले असतात. घासताना वरचा कठीण थर निघून जातो, तो पुन्हा कठीण केला जात नाही आणि उतार तर कोणी मोजतही नाही. गिऱ्हाईक जुनेच टॅपेट बसवते आणि आठ दिवसांत ‘ऑइल खराब होते’ म्हणून परत येते. नव्या कॅमवर नवेच टॅपेट हवेत. जुना कॅम जुन्याच टॅपेटसह पुन्हा बसवायचा असेल, तर प्रत्येक टॅपेट ज्या लोबवर चालत होता त्याच लोबवर परत गेला पाहिजे. इंजिन खोलताना ते एका डब्यात एकत्र टाकले की तो जोड कायमचा मोडतो. संथ_पद्मिनी, आपण प्रत्येक टॅपेट बोटाने भोकात सोडून पाहा. तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली गेला पाहिजे आणि सहज फिरला पाहिजे.

यंत्रविद्या
लेथवाले साहेबांनी चर्चेला योग्य जागी आणले. त्याला जोडून पहिल्या अर्ध्या तासाबद्दल लिहितो, कारण फ्लॅट टॅपेट कॅमचे आयुष्य मुख्यतः तिथेच ठरते.

बसवताना प्रत्येक लोबवर आणि टॅपेटच्या तळावर मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट लावावी. टॅपेटच्या बाजूंना मात्र साधे ऑइल लावावे, म्हणजे तो फिरायला मोकळा राहतो. इंजिन सुरू करण्याआधी ऑइल पंप भरून घ्यावा, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आणि इग्निशनचे टायमिंग बरोबर असल्याची खात्री करावी आणि स्टार्टर पुन्हापुन्हा मारत बसावे लागणार नाही अशी तयारी ठेवावी, कारण तेवढ्यात पेस्ट पुसली जाते. इंजिन लागताच त्याचे फेरे २००० च्या वर न्यावेत आणि वीस ते तीस मिनिटे २००० ते २५०० यांच्या दरम्यान कमीजास्त करत ठेवावेत. आयडलवर सोडू नये. कॅमला मिळणारे ऑइल मुख्यतः क्रँकशाफ्टने उडवलेले असते आणि संथ गतीत ते कमी पोहोचते. शिवाय कमी फेऱ्यांवर स्प्रिंगचा पूर्ण जोर लोबच्या टोकावर येतो. फेरे वाढले की व्हॉल्व्ह आणि पुशरॉडच्या जडत्वामुळे टोकावरचा भार काहीसा हलका होतो. पाणी गळले किंवा इंजिन तापू लागले तर आयडलवर न ठेवता सरळ बंद करावे, दोष काढावा आणि पुन्हा सुरू करून उरलेला वेळ पूर्ण करावा. रॉकर कव्हर उघडे ठेवण्याची सोय असेल तर पुशरॉडवर रंगाची खूण करून ते फिरतात का तेही पाहावे. शेवटी ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत.

कुर्ला_पश्चिम
फेरे २५०० वर ठेवून अर्धा तास? आमच्या गल्लीत नवे इंजिन पहिल्या दिवशी फक्त गुरगुरत ठेवण्याची पद्धत होती, “बसू दे हळूहळू” म्हणून.

उद्यमनगरचा_लेथवाला
ती पद्धत सर्वत्र आहे आणि तिच्यावर आमचा धंदा बऱ्यापैकी चालतो.

डेट्रॉइटचा_सातारकर
झिंकच्या बाटलीचा प्रश्न राहून जातो आहे. आपण निवडलेल्या ऑइलमध्ये फॉस्फरस ०.१० ते ०.१२ टक्क्यांच्या आसपास असेल तर बाटली ओतू नये. मात्रा वाढवली म्हणून संरक्षण त्या प्रमाणात वाढत नाही, साधारण ०.१४ टक्क्यांच्या पुढे दीर्घकाळची झीज उलट वाढते आणि ०.२० च्या आसपास लोखंडाचेच क्षरण होऊन लोबचे टवके निघू शकतात. ऑइल तयार करणाऱ्याने डिटर्जंट, झेडडीडीपी आणि बाकीची रसायने एकमेकांशी जुळवलेली असतात, त्यात अंदाजाने भर घालणे मला प्रशस्त वाटत नाही. ५डब्ल्यू-३० च वापरायचे असेल तर बाटलीला काही अर्थ आहे, पण मग मुळात २०डब्ल्यू-५० च का घेऊ नये?

खेडचा_जीपवाला
आणखी एक गोष्ट तपासा. पद्मिनीचा पेट्रोल पंप यांत्रिक आहे आणि तो कॅमशाफ्टवरूनच चालतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर त्या ऑइलवर गाडी एक किलोमीटरही चालवू नये. आमच्या शेजारच्या फियाटचा कॅम असाच गेला आणि मालक मात्र ऑइल संपत नाही म्हणून खूश होते.

संथ_पद्मिनी (धागाकर्ता)
माहितीपत्रक मिळाले. मिस्त्रींनी सुचवलेल्या २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइलमध्ये फॉस्फरस ०.११ टक्के आहे आणि चिन्हाच्या खाली ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ हे शब्द नाहीत. पहिली भरणी आणि त्यानंतरची नेहमीची भरणी याच ऑइलची होईल, बाटली घेणार नाही. टॅपेट भोकात सोडून पाहिले, तेव्हा सात सहज उतरले आणि एक अडला. त्या भोकाच्या कडेला जुनी घट्ट काजळी होती, ती साफ केल्यावर तोही उतरला. पेट्रोल पंपाचा पडदाही बदलून घेत आहे. इंजिन सुरू केल्यानंतर ऑइलचा दाब चांगला दिसला म्हणजे कॅम सुरक्षित आहे असे धरता येईल का?

उद्यमनगरचा_लेथवाला
धरता येणार नाही. दाब हा बेअरिंग आणि पंप यांचा हिशेब सांगतो; लोब अर्धा घासला तरी काटा जागचा हलत नाही. कॅमची खबर टॅपेटच्या फटीतून मिळते. पहिल्या भरणीनंतर इंजिन थंड असताना फिलर गेजने आठही फटी मोजून वहीत लिहा आणि पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा मोजा. सगळ्या थोड्या बदलल्या तर चिंता नाही, पण एकच फट सेट करूनही पुन्हापुन्हा वाढत असेल तर तो लोब किंवा त्याचा टॅपेट चालला आहे. एक्झॉस्टचा लोब बसला तर कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज येऊ लागतो आणि लोक उगाच जेट साफ करत बसतात. आत्ता इंजिन उघडे असतानाच पुशरॉडच्या टोकावर डायल गेज लावून आठही लोबची उंची नोंदवून ठेवा; पुढे शंका आली तर तुलनेला तेच आकडे लागतील. इनटेकचे चार आपसांत आणि एक्झॉस्टचे चार आपसांत जुळले पाहिजेत, आणि नव्या कॅमवरही ते जुळत नसतील तर इंजिन पूर्ण जोडण्याआधी तो ज्याच्याकडून आणला त्याला परत करा.